ऑटोक्लेव्ह, हायपो आणि बिघडलेली फिलिंग: दात भरण्याच्या साहित्याचं निर्जंतुकीकरण पायरीपायरीने

एका पावसाळ्यात फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात महिन्याभरात चार कंपोझिट (दाताच्या रंगाची, उजेडाने घट्ट होणारी) फिलिंग परत आली. दोन सबंध निघून आलेली, उरलेल्या दोनांची कड काळी पडलेली. मी बॉन्ड (फिलिंग दाताला चिकटवणारा द्रव) बदलला, एचिंगची (ॲसिडने दात खरखरीत करण्याची) वेळ घड्याळ लावून मोजली, थुंकी आत शिरली असेल म्हणून स्वतःलाच दोष दिला. मग एकदा सहज लाइट क्युअरची, म्हणजे कंपोझिट घट्ट करणाऱ्या दिव्याची, टिप खिडकीतल्या उजेडात तिरपी धरली. काच चकचकीत हवी होती. तिच्यावर किटलीच्या तळाला बसतो तसा पांढुरका थर होता. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) नळाचं पाणी जात होतं, टिप रोज त्यात शिजत होती, आणि क्षार बसून उजेड अडत होता. जंतू मेले होते, पण कंपोझिट आत कच्चं राहत होतं.

तेव्हापासून नवीन मुलगी कामाला आली की तिला आधी हेच शिकवतो. हत्यार कसं धुवायचं ते कुठेही शिकता येतं. कुठल्या वस्तूला किती तापवायचं, किती बुडवायचं, आणि कशाला हातही लावायचा नाही, ते सहसा कोणी नीट सांगत नाही. चुका बहुतेक आळसातून होत नाहीत, जास्त काळजीतून होतात. ‘अजून दहा मिनिटं राहू दे’ हे वाक्य मी आजवर जितक्यांदा ऐकलंय, तितकी मापं (दातांचे घेतलेले साचे) फुकट गेली आहेत.

१. आधी टेबलावर चार ढीग लावा

सकाळी पेशंट यायच्या आधी एकदा सगळं सामान टेबलावर काढा आणि चार ढीग करा.

पहिल्यात वाफ सोसणारं: स्टीलची हत्यारं, आरसे, प्रोब, धातूचे ट्रे, मॅट्रिक्स रिटेनर (फिलिंगभोवतीची पट्टी धरणारं हत्यार), हँडपीस (दात कोरायचं यंत्र). दुसऱ्यात पेशंटजवळ जाणारं पण उष्णता न सोसणारं: कंपोझिटची सिरिंज, बॉन्डची बाटली, लाइट क्युअरचं यंत्र, शेड गाइड (दाताच्या रंगांचे नमुने). तिसऱ्यात एकदाच वापरून टाकायचं: ब्रश, एचिंगच्या सुया, कंपोझिटचे कॉम्प्युल (एका वेळेपुरत्या छोट्या नळ्या), वेज (दातांमध्ये घालायच्या पाचरी). चौथा ढीग रिकामाच राहील, तो पेशंटच्या तोंडातून बाहेर येणाऱ्या वस्तूंचा: मापं, चाव्याचं मेण, बसवून पाहिलेली कॅप, जुनी कवळी.

शंका आली तर वस्तूवर १३४ अंशांचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर डब्यातलं माहितीपत्रक काढा. ती पत्रकं आम्ही फेकून देतो. ती एका फाइलीत लावा. माझ्याकडे ती फाइल ऑटोक्लेव्हच्या वर खिळ्याला टांगलेली आहे, आणि पाहुण्यांना ती नेहमी कॅलेंडर वाटते.

हाताशी असावं: डिस्टिल्ड वॉटर, मोजपात्र, टायमर, मार्कर, चिकटपट्टी, झिपच्या पिशव्या. मोबाइलचा टायमर नको. फोन आला की तो विसरला जातो.

२. ऑटोक्लेव्ह: पाणी, भरणं, सुकवणं

पाणी फक्त डिस्टिल्ड. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात लोह असतं. बादलीच्या आत तांबूस रेघ धरते ती त्याचीच. तेच पाणी यंत्रात गेलं की हत्यारांवर डाग पडतात, टिपेवर थर बसतो आणि कार्बाइडच्या बर्रची (हँडपीसमध्ये बसणाऱ्या कोरायच्या टोकाची) धार जाते. बोथट बर्रने कड फाटते, दात तापतो, आणि अशा कडेवर कुठलंच फिलिंग नीट बसत नाही.

हत्यारावरचं कंपोझिट आणि सिमेंट खुर्चीपाशीच, ओलं असताना पुसून काढा. कंपोझिट स्पिरिटच्या गॉझने निघतं, ग्लास आयनोमर (पावडर कालवून करायचं सिमेंट) पाण्याने. वाफेत एकदा भाजलं की ते खरवडूनच काढावं लागतं. खरवडलेल्या हत्याराला पुढचं कंपोझिट चिकटतं, आणि ओढताना फिलिंगमध्ये पोकळी राहते.

वेळेचा हिशोब असा. १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला, किमान १५ मिनिटं. पाउचमध्ये बांधलेलं सामान साध्या यंत्रात असेल तर ३० मिनिटं. १३४ अंशांवर, ३० पौंडांना, ३ ते ४ मिनिटं. ही मिनिटं तापमान गाठल्यापासून मोजायची, बटण दाबल्यापासून नव्हे. हँडपीससारख्या पोकळ वस्तूंना आधी हवा ओढून घेणारं यंत्र लागतं, म्हणजे बी वर्गाचं. साध्या यंत्रात पोकळीतली हवा तिथेच राहते आणि वाफ आत जात नाही.

सावध: पाउच ओला निघाला तर तो निर्जंतुक धरू नका. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. पावसाळ्यात हे फार होतं. सुकवण्याचं चक्र पूर्ण करा, पाउच एकावर एक रचू नका, दार उघडून लगेच पंख्याखाली ठेवू नका. मध्येच लाइट गेली तर चक्र पहिल्यापासून. ‘निम्मं झालंच होतं’ हा हिशोब चालत नाही.

तपासणी: पाउचवरची पट्टी रंग बदलते ती फक्त उष्णता लागल्याची खूण. जंतू खरोखर मेले का, हे बीजाणूंच्या चाचणीने कळतं. ती आठवड्यातून एकदा करा.

हँडपीसची एक गोष्ट सहज सुटते. वाफेआधी तेल घालायचं, बाहेर आल्यावर तोंडात नेण्यापूर्वी अर्धा मिनिट रिकामं फिरवायचं. फिरवताना पांढरा टिश्यू पुढे धरा. त्यावर तेलाचा ठिपका उमटला, तर तेच तेल पुढच्या मिनिटाला एच केलेल्या इनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या थरावर) बसणार होतं. तेलावर बॉन्ड धरत नाही.

३. लाइट क्युअरची टिप

टिप काढता येत असेल आणि पत्रकात परवानगी असेल, तर ती वाफेत घाला. पण डिस्टिल्ड वॉटरमध्येच, आणि दर वेळी बाहेर आली की उजेडात तिरपी धरून बघा. थर दिसला तर कंपनीच्या पॉलिशिंग किटने काढा. ग्लुटारल्डिहाइडमध्ये (बुडवून ठेवायच्या जंतुनाशकात) टिप बुडवू नका, त्याने काचेचे तंतू खराब होतात.

माझा कल साध्या उपायाकडे आहे: प्रत्येक पेशंटला नवीन पारदर्शक स्लीव्ह. पातळ स्वच्छ प्लास्टिकने उजेड थोडा कमी होतो, जाड किंवा रबरी आवरणाने बराच. स्लीव्हची शिवण टिपेच्या तोंडावर येता कामा नये. घडी पडली असेल तर बदला.

तपासणी: रेडिओमीटरचं (उजेडाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचं) माप स्लीव्ह घालून घ्या, उघड्या टिपेचं नव्हे. पेशंटच्या दाताला स्लीव्हमधूनच उजेड मिळणार आहे. दर सोमवारचा आकडा वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्यावरून फारसं कळत नाही, तो हळूहळू उतरतोय का ते बघायचं.

रेडिओमीटर नसेल तर स्टीलचा साचा घ्या, ४ मिमी भोकाचा आणि ६ मिमी उंचीचा. त्यात कंपोझिट भरा, दोन्ही बाजूंना मॅट्रिक्स पट्टी लावा आणि वरून नेहमीच्या वेळेपुरता उजेड द्या. बाहेर काढून खालचा मऊ भाग प्लास्टिकच्या चमच्याने खरवडा. उरलेल्या कडक भागाची लांबी मोजून अर्धी करा. ती २ मिमीच्या आत आली तर त्या दिवशी कंपोझिट भरू नका.

४. सिरिंज, कॉम्प्युल आणि बॉन्डची बाटली

कंपोझिट तापवून निर्जंतुक होत नाही, ते फक्त खराब होतं. सिरिंजमध्येच ते घट्ट व्हायला लागतं, आणि मग दाबताना पिस्टन अडला की मुलगी म्हणते, ‘डॉक्टर, माल जुना आलाय.’ माल जुना नसतो, तो शिजलेला असतो.

क्रम असा ठेवा. पेशंट बसण्यापूर्वी स्वच्छ हाताने लागेल तेवढं कंपोझिट काळ्या झाकणाच्या पॅडवर काढा, झाकण घाला, सिरिंज ड्रॉवरमध्ये परत ठेवा. तोंडात गेलेलं हत्यार सिरिंजच्या तोंडाला कधीच लावायचं नाही. मध्येच कमी पडलं तर दुसऱ्या माणसाने स्वच्छ ग्लोव्हजने काढून द्यावं. सिरिंज हातात घ्यावीच लागत असेल तर तिला स्लीव्ह घाला.

सिरिंजची बाहेरची बाजू स्पिरिटने पुसायला हरकत नाही, पण तोंडाशी स्पिरिट जाऊ देऊ नका. अल्कोहोलने कंपोझिटमधलं रेझिन मऊ पडतं.

कॉम्प्युल एका पेशंटला एकच. अर्धं उरलं म्हणून पुसून ठेवू नका. कॉम्प्युलची गन मात्र धातूची असेल तर वाफेत जाते.

बॉन्डची बाटली हा आमच्या हवेत वेगळाच ताप आहे. फ्रीजमधून काढून लगेच उघडली की ऑगस्टमध्ये झाकणाच्या आत दव धरतं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा, थेंब पाडल्याबरोबर बंद करा. उघडी राहिली की आतलं ॲसिटोन किंवा अल्कोहोल उडून जातं आणि बॉन्ड जाड होतो. ग्लास आयनोमरच्या पावडरचंही तेच: ओलसर चमचा बाटलीत गेला की पावडर गुठळी धरते.

५. तोंडातून निघालेलं माप

इथे थोडं जास्त थांबतो, कारण सगळ्यात महाग चुका इथेच होतात आणि त्या दोन आठवड्यांनी कळतात. पूर्वी मी अल्जिनेटचं (पाण्यात कालवायच्या पावडरीचं) माप ओल्या कापसात गुंडाळून, पिशवीत पाणी घालून म्हापशाच्या लॅबला बसने पाठवायचो. एकदा तिथल्या तंत्रज्ञाचा फोन आला. ‘डॉक्टर, हा दात आणि तुमच्या पेशंटचा दात एकच ना? नाही, मोठा वाटतो.’ दात तोच होता. अल्जिनेट पाणी पिऊन फुगलं होतं. कोरडं ठेवलं असतं तर पाणी सोडून आकसलं असतं. अल्जिनेटला दोन्ही नको असतं.

आता क्रम.

पहिलं, पेशंट खुर्चीत असतानाच माप वाहत्या पाण्याखाली धरा. रक्त आणि लाळ राहिली तर हायपोतली (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकातली) क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होते. जादाचं पाणी झटकून काढा. जोरात हवा मारू नका, पातळ कडा फाटतात.

दुसरं, हायपो ताजं करा. बाटलीवर ४ टक्के असेल तर एक भाग हायपो आणि सात भाग पाणी, म्हणजे अर्धा टक्का मिळतं. ५ टक्के असेल तर एकाला नऊ. रोज सकाळी नवीन. ऊन आणि उकाड्याने त्याचा जोर जातो. खिडकीत ठेवलेल्या कालच्या बाटलीत वास राहतो, काम राहत नाही.

तिसरं, कोणतं माप आहे त्याप्रमाणे:

अल्जिनेटवर सगळीकडून फवारा, ओलसर टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत, १० मिनिटं. पिशवीत साठलेलं पाणी नको. मग धुवून लगेच प्लास्टर ओता, दवाखान्यातच. बसने जायचं असेल ते प्लास्टरचं मॉडेल, अल्जिनेट नाही.

ॲडिशन सिलिकॉन सगळ्यात सोशिक. हायपोत १० मिनिटं किंवा २ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये २० ते ३० मिनिटं बुडवलं तरी आकार टिकतो. शिवाय काही सिलिकॉन हायड्रोजन सोडतात, लगेच ओतलं तर मॉडेलवर बारीक भोकं पडतात. म्हणजे पत्रकात थांबायला सांगितलेला वेळ बुडवण्यातच भागतो. याउलट कंडेन्सेशन सिलिकॉन अल्कोहोल सोडत आकसतं, ते दहा मिनिटांत आटपून लगेच ओता. दोन्ही पुटी (सिलिकॉनचे मळायचे लगदे) दिसायला सारख्याच, म्हणून डबा बघितल्याशिवाय टायमर लावू नका.

पॉलिइथर पाणी ओढतं. १० मिनिटांच्या वर नाही, आणि नंतर कोरडं ठेवायचं. ते अल्जिनेटबरोबर एकाच ओल्या पिशवीत घातलं तर दोघांपैकी एकाचं नुकसान नक्की.

झिंक ऑक्साइड युजेनॉलच्या मापाला हायपो नको, ग्लुटारल्डिहाइड वापरा. चाव्याच्या मेणाला थंड फवारा. गरम पाणी अजिबात नाही.

चौथं, वेळ संपली की पुन्हा धुवा. हे धुणं राहिलं तर उरलेलं रसायन प्लास्टरच्या पृष्ठभागावर काम करतं आणि मॉडेल भुसभुशीत होतं.

पाचवं, पिशवीवर लिहा: काय वापरलं, किती मिनिटं, किती वाजता. लॅबमध्ये काही न लिहिता आलेलं प्रत्येक माप न बुडवलेलं धरून ते बुडवतात, त्यांनी तसंच करायला हवं. तुम्ही लिहिलं नाही तर एकाच मापाला दोनदा अंघोळ.

सावध: ग्लुटारल्डिहाइड ॲक्टिव्हेट केल्याची तारीख डब्यावर लिहा. बहुतेक १४ दिवसांची असतात, काही २८ दिवसांची. वास उग्र येतो म्हणून चालू आहे असं समजू नका. झाकण लावा, ग्लोव्हज घाला, खोली उघडी ठेवा.

कवळी आली तर लक्षात ठेवा: ॲक्रिलिक उकळत्या पाण्यात वाकतं, स्पिरिटने त्यावर बारीक भेगा येतात. हायपोत १० मिनिटं चालतं. पण क्रोम कोबाल्टची फ्रेम असेल तर हायपो धातू खातं, तिथे नको.

६. कॅप बसवून पाहिल्यानंतर

लोक घाबरतात की झिरकोनियाची (पांढऱ्या कणखर सिरॅमिकची) कॅप ऑटोक्लेव्हमध्ये घातली तर ती कमजोर होते. या भीतीला आधार आहे, पण प्रमाण बघा. वाफेने झिरकोनियाच्या स्फटिकांची रचना बदलते हे खरं. त्याचं वय कृत्रिमरीत्या वाढवून तपासायचं असतं तेव्हा १३४ अंशांवर, २ बार दाबाला, ५ तास ठेवतात. चार मिनिटांच्या एका चक्राने तितकं काही होत नाही. पुन्हा पुन्हा घालू नका, एवढंच.

खरी चूक पुढे आहे. कॅप बसवून बघितली, आत थुंकी लागली, आणि एचिंग जेल दिसलं म्हणून तेच लावून धुतलं. झिरकोनियाला फॉस्फोरिक ॲसिड लावू नका. त्यातलं फॉस्फेट पृष्ठभागावर बसून राहतं आणि प्रायमरची (सिमेंट धरावं म्हणून आधी लावायच्या द्रवाची) जागा अडवतं. लाळेतही फॉस्फेट असतं, म्हणूनच तर साफ करायची. त्यासाठी ५० मायक्रॉन ॲल्युमिनाचं हलकं सँडब्लास्टिंग, नाहीतर झिरकोनियासाठीचं क्लीनिंग पेस्ट, मग धुवून, वाळवून, एमडीपी (झिरकोनियाला धरणारं रसायन) असलेला प्रायमर.

काचेच्या सिरॅमिकचं, म्हणजे लिथियम डायसिलिकेटचं, उलटं आहे. लॅबने आधीच हायड्रोफ्लोरिक ॲसिडने एच करून दिलं असेल तर बसवून पाहिल्यावर फॉस्फोरिक ॲसिड ६० सेकंद, धुवा, वाळवा, सायलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारा द्रव) पुन्हा लावा. वाफेतून काढलेली गरम सिरॅमिक थंड पाण्याखाली धरू नका, तडा जातो.

तात्पुरती कॅप आणि रेझिनची कुठलीही वस्तू उष्णतेपासून लांब.

७. हायपो वापरलं, आता बॉन्ड करायचंय

रूट कॅनलनंतर त्याच बैठकीत कंपोझिट करताना हे होतं. हायपोने दाताच्या आत ऑक्सिजन मागे राहतो, तो रेझिन कडक होऊ देत नाही. फिलिंग वरून छान दिसतं, खाली बॉन्ड अर्धवट असतो. भरपूर पाण्याने धुवा आणि बर्रने डेंटीनचा (इनॅमलखालच्या भागाचा) पातळ थर काढून ताजा पृष्ठभाग घ्या. १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेट १० मिनिटं ठेवलं तरी बॉन्ड बराच परत येतो. ब्लीचिंगनंतर याच कारणाने दोन आठवडे थांबावं लागतं. फक्त पोकळी जंतुमुक्त करायची असेल तर एचिंगनंतर २ टक्के क्लोरहेक्सिडीन वापरा, त्याने बॉन्ड कमी होत नाही. पण ते हायपोला भेटू देऊ नका: दोन्ही एकत्र आले की तपकिरी गाळ धरतो आणि दातावर डाग राहतो.

गटापर्चाचे पॉइंट (रूट कॅनल भरायच्या रबरासारख्या काड्या) ऑटोक्लेव्हमध्ये कधीच नाही, वाफेत त्यांचा आकारच राहत नाही. ५.२५ टक्के हायपोत एक मिनिट, मग अल्कोहोलमध्ये बुडवून गॉझवर कोरडे. हे दुसरं बुडवणं टाळलं तर पॉइंटवर मिठाचे बारीक स्फटिक राहतात आणि सीलर नीट टेकत नाही.

८. काढलेले दात: विद्यार्थ्यांसाठी

बांबोळीच्या डेंटल कॉलेजात शिकणारी मुलं सरावासाठी दात मागायला येतात, म्हणून हे. दात नुसता कापून बघायचा असेल तर १२१ अंशांवर ४० मिनिटं ऑटोक्लेव्ह ठीक. पण त्यावर बॉन्डची ताकद मोजायची असेल तर तापवू नका. उष्णतेने डेंटीनमधलं कोलॅजन बिघडतं, आणि मग आकडे तुमच्या बॉन्डचे येत नाहीत, शिजलेल्या दाताचे येतात. अशा दातासाठी अर्धा टक्का क्लोरॅमिन टी (क्लोरीनचं जंतुनाशक), जास्तीत जास्त एक आठवडा. नंतर ४ अंशांवर डिस्टिल्ड वॉटर, अधूनमधून बदलत, सहा महिन्यांच्या आत वापरा.

दात बरणीत टाकण्याआधी एकेक करून उजेडात बघा. चांदीचं फिलिंग दिसलं तर तो दात वेगळा काढा. अमालगम तापलं की पाऱ्याची वाफ सुटते, आणि बंद खोलीत तुम्हीच ती श्वासातून घेता. असे दात १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे. फेकायचे झाले तरी पिवळ्या पिशवीत नको, ती पिशवी जाळायला जाते. माझ्याकडे त्यांच्यासाठी घट्ट झाकणाची वेगळी बरणी आहे, लाल अक्षरांत ‘तापवू नये’ असं लिहिलेली, आणि ती ऑटोक्लेव्हपासून सगळ्यात लांबच्या कपाटात असते.